दोन ब्रेकांची मोटार

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे आणि सध्या फार वैतागले आहे. मला दोन ब्रेक आहेत. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शिकवणाऱ्याच्या. शिकताना चुका होणारच, म्हणून मला तशी घडवली आहे. दहा वर्षे मी गाडी शिकवण्याच्या एका शाळेत राबले. शेकडो नवख्यांनी माझे गिअर खडखडवले, पण ते शिकून गेले.

मग एका संस्थेने मला आणले. गरीब वस्तीतल्या बायकांना गाडी शिकवून स्वतःच्या पायावर उभे करायचे ठरले होते. मी खूश झाले. पण कसचे काय! फीत कापली, फोटो काढले आणि मला कापडाखाली झाकून ठेवले. तीन महिने बायका वर्गात बसून आत्मविश्वास शिकत होत्या. पाहुणे आले की एखादीला माझ्या सीटवर बसवायचे, हसायला सांगायचे आणि फोटो काढून उतरवायचे. इंजिन कोणी सुरूसुद्धा करत नसे!

त्यांच्यात इस्पितळाच्या धुलाईखान्यातल्या एक काकू होत्या. ओल्या चादरी उचलून त्यांची कंबर कामातून गेली होती. इस्पितळाच्या चादरी ने-आण करणाऱ्या गाडीवर चालक हवा होता. महिनाअखेरपर्यंत परवाना मिळाला, तर ती जागा त्यांना मिळणार होती. त्यांच्या फोटोची पाळी आली तेव्हा त्या सीटवरून उतरल्याच नाहीत.

"बाई, आत्मविश्वास भरपूर झाला," त्या संस्थेच्या संचालकबाईंना म्हणाल्या. "आता किल्ली द्या."

"अहो काकू, गाडीला काही झालं तर?"

"होऊ दे की! शिकायलाच आणलीय ना?"

शिकवायला नेमलेले मास्तर, म्हणजे एक निवृत्त बसचालक, रिकामे बसून कंटाळले होते. त्यांनी खिशातली किल्ली पुढे केली. पहिल्याच दिवशी काकूंनी मला फाटकाच्या खांबावर घासले.

संचालकबाईंनी कपाळाला हात लावला. "आता पाहुण्यांना काय दाखवू?"

"दुसऱ्या बाजूने फोटो काढा," मास्तर म्हणाले.

काकू रोज कामाआधी येत. परवान्याच्या पहिल्या परीक्षेत मला मागे घेताना त्या नापास झाल्या आणि स्टिअरिंगवर डोके टेकून रडल्या. मास्तर एवढेच म्हणाले, "झालं रडून? घ्या मागे." महिना संपायला दोन दिवस असताना त्या पास झाल्या. आता चादरींची गाडी त्याच चालवतात.

आणि संस्थेने काय करावे? काकूंचा मोठा फोटो दारावर लावला, मला नवा रंग दिला आणि 'हात लावू नये' अशी पाटी अडकवली! बाकीच्या सोळा जणी अजून वर्गातच आहेत. मित्रांनो, उभ्या गाडीचे टायर बसतात, बॅटरी उतरते. माझी खरोखर काळजी असेल, तर त्या सोळा जणींना रोज आळीपाळीने माझ्यावर शिकवा. घासले तर घासू द्या, पण मला रस्त्यावर काढा.