वाढत्या अंगाचा टिन

माणसाच्या प्रत्येक चुकीचं मूळ त्याच्या स्वभावात असतं. आमच्या गल्लीतल्या शिंप्याच्या चुकीचं मूळ मात्र दहा इंच लांब, पाच इंच रुंद होतं आणि ओव्हनमध्ये जायचं.

बायकोने घरी ब्रेड करायचं ठरवलं तेव्हा ब्रेड भाजायचा टिन आणायचं काम त्याच्याकडे आलं. कृतीत साडेआठ बाय साडेचार असं स्पष्ट लिहिलं होतं. दुकानात लहान-मोठे दोन्ही होते. तीस वर्षं शिवणीत जास्तीचं कापड सोडणारा माणूस. त्याने हिशेब केला की पीठ फुगणार, म्हणजे अंग वाढतं आहे, आणि वाढत्या अंगाला कुणी नेमक्या मापाचं घेत नाही. त्याने मोठा उचलला. घरी काही बोलला नाही. बोलण्यासारखं त्यात काय होतं?

चार रविवार ब्रेड दोन बोटांच्या वर उठला नाही. मोकळी जागा दिसली की पीठ आडवं व्हायचं, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखं. त्या स्लाइसवर काकडीची अर्धी चकती कशीबशी मावायची. बायकोने यीस्ट बदललं, मैदा बदलला, पाणी बोट घालघालून कोमट केलं. शेवटी म्हणाली, "माझा हातच गेला हो. उद्या नाही जमलं तर पुन्हा पिठाला हात लावायची नाही."

तिच्या हाताला चव आहे, या एकाच गोष्टीवर त्या घरात कधी वाद झाला नव्हता. त्यामुळे शिंपी घाबरला.

तेवढ्यात त्याची बहीण आली. तिने ओट्यावरचा टिन उचलून आत पाहिलं.

"वहिनी, बाळाला आंघोळ घालतेस की काय यात?"

"थट्टा नको हो, ताई. आधीच मेलं काही फुगत नाहीये."

"फुगेल कसं? दादा, टेप दे."

खटल्यात सुरा हजर करावा तशी शिंप्याने गळ्यातली टेप काढून दिली. दहा. पाच. बायकोने कृतीचा कागद पाहिला, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो, हे कुणाच्या मापाचं आणलंत?"

"थोडं मार्जिन ठेवलं. म्हटलं, वाढेल."

"वाढेल? शाळेत घालायचंय त्याला?"

बहीण हसून हसून खाली बसली. बायको हसली नाही. तिने खुर्ची ओढली, टेकली आणि महिनाभर कोंडलेला श्वास सोडला. "म्हणजे हात शाबूत आहे माझा," ती म्हणाली. शिंपी बोलणी खायला तयार उभा होता. त्याला चहा मिळाला. तो पिऊन तो तडक दुकानात गेला आणि आयुष्यात प्रथमच नेमक्या मापाची वस्तू घेऊन आला.

रविवारी तेच पीठ, तेवढंच यीस्ट. पसरायला जागाच नव्हती म्हणून पीठ निमूट वर चढलं, काठाच्या बोटभर वर आलं आणि तांबूस होऊन थांबलं. स्लाइस चौकोनी पडल्या. टोमॅटोची अख्खी चकती बसली. तिघांनी उभ्याउभ्याच सगळा ब्रेड संपवला.

"पुढच्या रविवारी दोन करू," शिंपी म्हणाला.

"कशाला?" बायको म्हणाली. "येतो की मला ब्रेड."

तेव्हापासून त्यांच्याकडे ब्रेड बेकरीतून येतो.