खणात पडलेला सातव्या महिन्याचा रिपोर्ट

'बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी पुन्हा तपासा.' डॉक्टरीणबाईंनी माझ्या अंगावर हे निळ्या शाईने लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. समोर बसलेल्या गरोदर बाईने मात्र "हो हो" म्हणत मला चौघडी घालून पर्समध्ये कोंबलं.

मित्रांनो, मी एका आईच्या रक्ततपासणीचा जुना रिपोर्ट आहे. माझ्यावर छापलं होतं, कोलेस्टेरॉल तीनशे दोन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या दिवसांत ते वाढतंच. बाळाच्या वाढीला लागतं. पण तुझे वडील एकेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेले, म्हणून नंतर बघायलाच हवं."

घराने ऐकलं फक्त 'तीनशे दोन'. सासूबाईंनी तेलाची बाटली वरच्या फळीवर चढवली.

"आई, अहो वाढतंच म्हणाल्या त्या," नवरा म्हणाला.

"तू गप. पोट तुझं आहे का?"

"तुमचं तरी कुठे आहे?" असं पुटपुटत तिने उकडलेला भोपळा गिळला.

दोन महिने मी फ्रिजच्या दारावर मिरवलो. बाळ जन्मलं, गुटगुटीत, आणि माझी सद्दी संपली. माझ्या जागी त्याचं लशींचं कार्ड लागलं. मी खणात, दुपट्यांखाली. तीन महिने झाले, सहा झाले, वर्ष उलटलं. बाळाला शिंक आली तरी घर गोळा व्हायचं. माझा नुसता संताप व्हायचा, पण कागदाला तोंड कुठे?

एका दुपारी तिची थोरली बहीण खणात थर्मामीटर शोधत होती. हाती लागलो मी.

"अगं ए, पोरगं धावायला लागलं! हे पुन्हा कधी तपासलंस?"

"ताई, त्याची एक लस चुकवली नाही मी."

"त्याचं नाही, तुझं विचारतेय. बाबांच्या वाटेने जायचंय का?"

 दुसऱ्या दिवशी ती जाऊन तपासणीला रक्त देऊन आली. नवा रिपोर्ट आला, दोनशे चौऱ्याऐंशी. एवढ्या काळात आकडा जेमतेम अठराने उतरला होता. उपचार सुरू झाले, पण गेलेलं वर्ष कोण परत देणार?

आकडा वाढणारच होता, तेव्हा सगळे घाबरले. उतरायला हवा होता, तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. कारण तेव्हा पोटात बाळ नव्हतं. नुसती आई उरली होती.

मित्रांनो, बाळ बघायला जाल तेव्हा त्याचे गाल ओढून झाले की जरा मान वर करा. त्याला मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला विचारा, "तुझी तपासणी झाली का?" ती "हो हो" म्हणाली, तर म्हणा, "कागद दाखव."