खालचा डावा कोपरा

दंतोपंतांनी श्वास रोखून चिमट्यातली सोनेरी कागदाची चिंधी यानाच्या पोटावर टेकवली आणि मेण कोरायच्या बारीक सुरीच्या पाठीने तिला एक हलकी सुरकुती पाडली. मग मान मागे घेऊन भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. फोटोतली सुरकुती उजवीकडे वळली होती, यांची सरळ खाली गेली होती. त्यांनी चिंधी उपटून काढली.

"परत?" दारातून बायको म्हणाली. "अहो, खरं यान तिकडे पोचायला आलं. तुमचं अजून कपडेच घालतंय."

"खऱ्याला कपडे घालायला माणसं किती होती! मी एकटा आहे."

"एकटे कसले? चहा कोण देतंय मघापासून?"

दंतोपंत हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. दातांच्या डॉक्टरांसाठी आयुष्यभर कवळ्या घडवल्या म्हणून गल्लीने ठेवलेलं नाव, आणि ते असं चपखल बसलं की पोस्टमनही त्याच नावाने हाक मारी. निवृत्तीनंतर हात शिवशिवायला लागले तेव्हा लेकीने त्यांना फोटोंचा गठ्ठा पाठवला. ती काम करते त्याच संस्थेत हे यान जुळवलं गेलं होतं. यान गेलं उडून, आणि संस्थेच्या दर्शनी दालनात त्याच्यासाठी केलेली काचपेटी राहिली रिकामी. "मॉडेल माझे बाबा करतील," असं ती साहेबांना बोलून बसली. तेव्हापासून दंतोपंतांचा जीव टांगणीला लागला होता. त्या पेटीसमोरून रोज यानाचा स्क्रू न् स्क्रू ठाऊक असलेली माणसं ये-जा करणार. एकाने जरी चुकीवर बोट ठेवलं, तरी मान खाली जाणार ती लेकीची.

तसं काम झकास जमलं होतं. कवळीत दात फार ओळीत बसवले की नकली दिसतात, एखादा किंचित तिरका लागतो. हा कागदही तसलाच, फार गुळगुळीत झाला की खोटा वाटे. अँटेनाची थाळी, चारी पाय, इंधनाच्या टाक्या, सगळं फोटोबरहुकूम उतरलं होतं. त्यांना स्वतःचं मनापासून कौतुक वाटे आणि ते लपवायचा त्यांचा स्वभाव नव्हता. भाजीवाल्यालाही वर बोलावून दाखवून झालं होतं.

घोडं अडलं होतं एका कोपऱ्यापाशी. डाव्या बाजूचा खालचा कोपरा एकाही फोटोत दिसेना. कुठलाही फोटो घ्या, नखशिखांत पांढऱ्या झग्यातला, नाकातोंडावर फडकं बांधलेला एक जण तिथे खांबासारखा उभा. बाकीची माणसं फोटोगणिक जागा बदलत होती, हा पठ्ठ्या मात्र ढिम्म.

"फोटोत यायची हौस बघा मेल्याला!" भिंग आपटत ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मॉडेल न्यायला संस्थेची गाडी यायची होती. शेवटी त्यांनी लेकीला फोन लावला.

"तुमच्यात एक आगाऊ माणूस आहे बघ. सगळ्या फोटोंत मध्येच कडमडलाय. त्याला विचार, बाबा रे, तुझ्या पाठीमागे काय होतं?"

पलीकडे ती हसतच सुटली.

"बाबा, ती मी आहे."

दंतोपंतांनी भिंग पुन्हा उचललं. फडक्याच्या वर दोन डोळे तेवढे दिसत होते. इतके दिवस समोर असून आपल्या लेकीचे डोळे आपल्याला ओळखू आले नाहीत, याचं त्यांना आधी वाईट वाटलं आणि मग हसू आलं.

"अगं, मग जरा सरकायला काय झालं होतं?"

"कशी सरकणार? तिथे कागदाची कड सुटत होती. चिमटा लावायला जागा नाही. गोंद सुकेपर्यंत अंगठ्याने दाबून धरायचं, दुसरा इलाजच नव्हता. नेमके तेव्हाच फोटोवाले आले. साहेब म्हणाले, बाजूला हो. मी म्हटलं, नाही होणार."

"साहेबांना म्हणालीस?"

"मग काय करू? हात काढला असता तर कड उघडली असती."

मग त्या कोपऱ्यात कागद कसा दुमडला होता, ते तिने नीट समजावून सांगितलं. फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं, "काय म्हणाली?"

"साहेबांना नाही म्हणाली," दंतोपंत म्हणाले आणि कितीतरी वेळ एकटेच खुशीत हसत राहिले.

कोपऱ्याने मात्र दमवलं. दुमड काही केल्या मनासारखी पडेना, आणि ती पडली तेव्हा दुसरी सकाळ उजाडून गेली होती. गोंद लावून त्यांनी कड अंगठ्याखाली धरली आणि त्याच वेळी खाली गाडी थांबली.

लेक आत आली. मॉडेलभोवती फिरली, वाकली, पुन्हा फिरली. अंगठा न हलवता दंतोपंत तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"बाबा," ती म्हणाली, "हे तर तेच आहे हो."

त्यांचे डोळे भरून आले. खाली हॉर्न वाजला.

"घेऊन जा, बाळा," ते घाईघाईने म्हणाले. "उशीर नको तुला. एवढा कोपरा राहिलाय, पण तो खाली आहे. कोण वाकून बघतंय?"

त्यांनी अंगठा उचलायला घेतला. कागदाची कड लगेच वर आली.

"सरका," लेक म्हणाली. पर्स खांद्यावरून तशीच जमिनीवर घसरू देत तिने त्यांच्या अंगठ्याच्या जागी आपला अंगठा ठेवला.

"आई, ड्रायव्हरना सांग, वेळ लागेल म्हणावं."

"किती?"

"सुकेपर्यंत."

"मग त्यांनाही वर बोलावते. जेवूनच जा सगळे," म्हणत आई जिना उतरली.

दंतोपंत रिकाम्या हातांनी जरा वेळ उभे राहिले. मग त्यांनी आपलं स्टूल उचलून लेकीच्या मागे आणून ठेवलं.

"त्या दिवशी बसायला काही दिलं होतं का कुणी?"

"नाही."

"मग बस."