न सांगता काय करतो

जोतीराम मास्तरांनी सांगितलेला विषय चुकत नाही, असं म्हसवडात म्हणत. कोणाला संस्कृत झेपेल, कोणाला गणित, हे मास्तरांनी सांगायचं आणि आईबापांनी मान हलवायची, असं हायस्कुलात एकवीस वर्षं चाललं होतं. मास्तरांनाही वाटे की आपल्याला पोरं ओळखता येतात. त्यातला निम्मा वाटा बायकोचा होता, हे ती गेल्यावर कळलं.

बायकोचं नाव बनुबाई. अर्ज भरायचे दिवस आले की ती एकेका पोराच्या आईला घरी बोलवायची, चुलीपुढं बसवून चहा द्यायची. इकडचं तिकडचं बोलून झालं की विचारायची, "तुझा पोरगा न सांगता काय करतो गं?" कोणी सांगायची, बंद पडलेलं घड्याळ उघडून बसतो. कोणी सांगायची, गावाची पत्रं वाचून दाखवतो. जेवताना बनुबाई ते मास्तरांच्या कानावर घालायची. मास्तर नुसतं हं म्हणायचे. सकाळी अर्जावर विषय लिहायचे आणि वाटायचं, आपल्यालाच सुचला.

चैत्रात बनुबाई तीन दिवसांच्या तापानं गेली. दिवाळी झाली आणि अर्ज आले. साल अठ्ठेचाळीस. जुनी मॅट्रिक जाऊन नवी शालान्त परीक्षा आली होती आणि विषयांची यादी लांबली होती. दहावीच्या अठरा पोरांचे विषय कळवायचे होते. मास्तरांनी गुणांची वही पुढं घेतली आणि दोन तासांत अठरा अर्ज लिहून हातावेगळे केले. कोणाच्या आईला बोलवायचं मनात आलं नाही. बोलावून बसवणार कुठं? चूल तर दिवसातून एकदा पेटायची.

मंगळवारी शाळा सुटल्यावर दारात कोणीतरी खाकरलं. भामाबाई होती, बिराप्पा मेंढक्याची बायको. हातात नवी काळी घोंगडी.

"मास्तर, बाईंनी सांगितली हुती. माझ्या हातच्या सुताची पायजे म्हनल्या. सनगरानं आत्ता इनून दिली." ती थांबली. "आता कुनाच्या हातात देऊ?"

"माझ्या हातात द्या," मास्तर म्हणाले. "बसा. चहा टाकतो."

भामाबाई उंबऱ्याशी बसली. एक घोट घेऊन तिनं कपाकडं बघितलं.

"आवं मास्तर, ह्यो च्या हाय का काकवी?"

मास्तर हसले. किती दिवसांनी हसले ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. बनुबाई असती तर ती आता काय बोलली असती, ते मास्तरांच्या तोंडून आपोआप निघालं.

"तुमचा नाना न सांगता काय करतो?"

भामाबाईनं पदर तोंडाला लावला. "काय सांगू! मेलेलं मेंढरू फाडतो."

"फाडतो?"

"औंदा पावसाळ्यात पंधरा मेंढरं गेली. समदी म्हनली, नजर लागली. ह्यानं गपचिप एक फाडलं, काळीज उलगडलं. आत हे पानावानी चपटं किडं! मिठाच्या पान्यात घालून ठेवल्यात. लोनच्याची माझी बाटली नेली मुडद्यानं. म्हनतो, आये, नजर न्हवं, ही हायत. मी जनावराचा डाक्टर हुनार." ती कौतुकानं बोलत होती. "म्हनून तर शेतकी घेतलीया न्हवं? त्यात जनावरांचा धडा हाय म्हनं. तुमीच सांगितलं ना ह्याच्या बापाला, मेंढक्याच्या पोराला शेतकी बरी?"

सांगितलं होतं. बिराप्पा कळप घेऊन सांगलीकडं निघाला, त्याच्या आदल्या दिवशी मास्तरांनी अर्ज पुढं केला होता आणि त्यानं अंगठा उठवला होता. शाळेत शेतकी आणि गणित-शास्त्र यांचे तास एकाच वेळी असत. एक घेतलं की दुसरं सुटलं. आणि जनावरांचा डॉक्टर व्हायचं तर आधी सायन्स कॉलेज, आणि तिथं गणित-शास्त्राशिवाय दार उघडत नाही. पोराला जिथं जायचं होतं, तिथलीच वाट मास्तरांनी स्वतःच्या अक्षरात बंद केली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नानाला बाजूला घेतलं. लांब हातपायांचं, कमी बोलणारं पोर.

"तू बोलला का नाहीस?"

"तुमी लिवलं हुतं, गुर्जी."



मास्तर तडक हेडमास्तर आप्पासोंकडं गेले. आप्पासोंनी चष्मा कपाळावर ढकलला. "मास्तर, यादी शनिवारी पुण्याला जाणार. विषय बदलायचा तर बापाचा नवा अंगठा पाहिजे. बाप कुठाय?"

"सांगलीकडं. विश्रामबागेच्या रानात मेंढरं बसवलीत त्यानं."

"मग राहू द्या शेतकी. पास तर होईल पोरगा. गणितात आपटला तर वर्ष जाईल."

"आपटणार नाही. मी आहे," मास्तर म्हणाले आणि कोरा अर्ज उचलला. बाकीचे सतरा अर्जही पिशवीत टाकले, वाटेत एकदा नजर घालू म्हणून.

गुरुवारी पहाटेच्या सर्व्हिस मोटारीनं मास्तर आणि नाना विट्यावरून सांगलीला उतरले, तेव्हा दुपार कलली होती. बिराप्पा सापडायला वेळ लागला नाही. उसाच्या मोकळ्या झालेल्या रानात दोनशे मेंढरं आणि त्यांच्यामध्ये लाल पटका.

"मास्तर! आनि तुमी?" बिराप्पा पळतच आला. "कोन गेलं?"

"कोणी गेलं नाही. मी चुकलो, ते सांगायला आलोय."

बिराप्पानं घोंगडी अंथरली. सगळं ऐकून घेतलं. मग मान हलवली. "न्हाई मास्तर. शेतकीच बरी. त्ये गनित लय वंगाळ. पोरगं नापास झालं तर लोक म्हनतील, मेंढक्याचं पोरगं निघालं हुतं सायब व्हायला. आनि तवा तुमीच म्हनला शेतकी, आता तुमीच म्हनता गनित. उद्या तिसरं काय म्हनशीला?"

नाना खाली बघून मातीत बोट ओढत होता. बाप म्हणत होता ते खोटं नव्हतं. मास्तरांनी वाद घातला नाही. मेंढरांकडं हात केला.

"बिराप्पा, इथं तळ टाकायच्या आधी कोण आलं होतं?"

"मी. आनि कोन येनार?"

"कळप घेऊन?"

"काय मास्तर! कळप मागं ठिवायचा. एकट्यानं फुडं जायाचं. चारा बघायचा, पानी चाखायचं, मालकाला इचारायचं. मग मेंढरं हलवायची. न बघता हलवली तर मरत्यात की."

"मग नानाचा तळ कुठं हलवायचा, ते बघायला कोण गेलं होतं?"

बिराप्पानं काठीनं एक ढेकूळ फोडलं.

"कोणी नाही गेलं," मास्तर म्हणाले. "मीसुद्धा घरात बसून सांगितलं. ते सायन्स कॉलेज इथनं हाकेच्या अंतरावर आहे. चल, चारा-पाणी बघून येऊ. पटलं नाही तर शेतकी राहू दे, मी परत तोंड उघडणार नाही."

बिराप्पा उठला. गड्याला म्हणाला, "कोकरांकडं बघ रं." पटका सोडून पुन्हा नीट बांधला. देवाला जाताना बांधतात तसा.

कॉलेजच्या फाटकावर शिपायानं काठी बघून अडवलं. "मेंढरं आत आणू नका."

"मेंढरं नाहीत, एकच कोकरू आहे," मास्तर म्हणाले, "आणि ते शिकायला आलंय." शिपाई हसून बाजूला झाला.

प्राणिशास्त्राच्या खोलीत एक तरुण प्रोफेसर काचा पुसत होते. त्यांनी तिघांना आत घेतलं. विषयांचं विचारल्यावर सरळ सांगितलं, "इथं यायचं तर गणित आणि शास्त्र. दोन वर्षं इथं काढायची, मग मुंबईला जनावरांचं कॉलेज. शेतकी घेतली तर शेतकीच्या वाटेनं जाईल. तीही वाट चांगली आहे, पण ती इकडं येत नाही."

"दोन्ही न्हाई व्हत?" बिराप्पानं विचारलं.

"तुमच्या शाळेत नाही होत ना? मग नाही."

नाना त्यांच्यात नव्हताच. तो भिंतीकडच्या फळीपुढं उभा होता. ओळीनं बरण्या होत्या, पाण्यात काय काय ठेवलेलं. एका बरणीपुढं तो नाक लावून उभा राहिला.

"आबा."

बिराप्पा गेला. बरणीत मेंढराचं काळीज होतं, उलगडलेलं, आणि त्यात पानासारखे चपटे किडे.

"ह्ये तर आपलंच," बिराप्पा म्हणाला. त्याचा आवाज बदलला. "मास्तर, ह्येनंच आमची पंधरा ग्येली. हितं बाटलीत कसं आलं?"

"हे कुठंही सापडतं," प्रोफेसर म्हणाले. "पाणथळ जागेतल्या गवतावरून पोटात जातं."

"वड्याकडंला," नाना एकदम बोलला. "श्रावनात आपुन वड्याकडंला चारली हुती. वरल्या माळावरचं एक बी मेलं न्हाई. मी मोजून ठिवलंय."

प्रोफेसरांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "कोणी सांगितलं हे तुला?"

"कुनी न्हाई."

बिराप्पा पोराकडं बघत राहिला. चारा बघितल्यावर, पाणी चाखल्यावर माणूस मागं वळून कळपाकडं बघतो तसा. मग मास्तरांकडं वळला.

"गनित त्याला येईल?"

"रोज सकाळी माझ्या घरी येऊ दे. मी शिकवीन."

"आनि न्हाई आलं तर?"

"येईल. ओढ्याकडची आणि माळावरची मेंढरं वेगळी मोजायला त्याला कोणी शिकवलं होतं?"

"आना अंगठ्याची शाई," बिराप्पा म्हणाला.

प्रोफेसरांच्याच दौतीत त्यानं अंगठा बुडवला आणि अर्जावर असा दाबला, की खाली मेजावरसुद्धा ठसा उमटला असेल. मग पोराच्या पाठीत एक रट्टा घातला. "आनि आयच्या लोनच्याची बाटली परत दे, गाढवा!"

मुक्काम त्यांनी तळावरच केला. शुक्रवारी परतीच्या मोटारीत नाना खिडकीला डोकं टेकून झोपला. मास्तरांनी पिशवीतून बाकीचे सतरा अर्ज काढले. सगळीकडं त्यांचंच सुबक अक्षर. कुठं शास्त्र, कुठं संस्कृत, चारांवर शेतकी. यातले किती बरोबर होते? बरेचसे असतील. पण एकाही पोराच्या आईला विचारलेलं नव्हतं. यादी उद्या दुपारी जायची होती. आज संध्याकाळ आणि उद्या सकाळ. सतरा घरं. होईल, ते स्वतःशी म्हणाले.

म्हसवडात उतरल्यावर ते घराकडं वळलेच नाहीत. पहिलं घर सयाजी सुभेदाराचं. त्याची बायको चंद्राबाई अंगणात शेंगा निवडत होती. मास्तरांना बघून तिनं गडबडीनं पदर सावरला.

"मास्तर? आनि पोरानं काय केलं म्हनायचं?"

"काही नाही केलं. एक विचारायचं राहिलं होतं." मास्तर पायरीवर बसले. "तुमचा पोरगा न सांगता काय करतो?"

चंद्राबाईनं सुपातून मान वर केली. "न सांगता? न सांगता जेवतो!"

"ते सगळेच करतात," मास्तर म्हणाले आणि पिशवी पायाशी ठेवली. "अजून?"

चंद्राबाई हसली. मग हातातली शेंग तशीच धरून विचार करू लागली. "थांबा, च्या टाकते," ती म्हणाली. "त्ये असं एका वाक्यात सांगन्यासारखं न्हाई."