पन्हळीची पाटी

संग्रहालयातल्या पाटीवरच्या प्लास्टिकखाली हवेचा एक फुगा राहून गेला होता, नेमका शेवटच्या ओळीवर, आणि पंचशीला तो अंगठ्याने दाबून बाहेर काढायला बघत होती तेव्हा तिच्या कानाशीच कुणीतरी पुटपुटलं, "चपला कामून काढायला लावल्या म्हणते मी? देऊळ हाय का हे? आत बघावं तर जातं, उखळ अन् दगड. आमच्या परड्यात ह्याहून जास्त पडलेत."

मागे बाणूमावशी होती. हातात पिशवी, डोक्यावर पदर, पायाला गार फरशी सोसेना म्हणून एकदा हा पाय उचल, एकदा तो. पंचशीला हसली नाही. एरवी हसली असती. फुगा दाबला की सरकायचा, जायचा नाही – आणि त्याच्याखालची अक्षरं पोट फुगल्यासारखी मोठी दिसायची. वर कानडीत, मध्ये इंग्रजीत, सगळ्यात खाली मराठीत : "दगडी पन्हळ. गावातील जुन्या विहिरीवरील. पूर्वीच्या काळी पाण्याचा अपव्यय टाळण्यासाठी गावकरी या पन्हळीतून एकमेकांना पाणी देत."

एकमेकांना.

सव्वा हाताचा दगड. तिचा जन्म शिवणकामात गेलेला, त्यामुळे नजरेनेच माप निघतं. मधून खोल चर, एक तोंड रुंद, एक निमुळतं. विहिरीच्या कट्ट्यातून आरपार बसवलेला असायचा; आतल्या बाजूने ओतायचं, बाहेरच्या बाजूने घ्यायचं. आत कोण आणि बाहेर कोण, हे पाटीवर नव्हतं. पाण्याचा अपव्यय म्हणे! कुणाच्या तोंडी एक थेंब जास्त जाऊ नये हाच का तो अपव्यय…

हे तिला मायनं कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं ते वस्तीतल्या तात्यारावकाकांनी, मरायच्या वर्षभर आधी, सहज, सुपारी कातरता कातरता – तुझी माय सात-आठ वर्सांची असंल, कळशी घेऊन विहिरीच्या कट्ट्याखाली बसून राहायची, कुणी वतणारं यायची वाट बघत, कधी दुपार टळायची. एवढं बोलून काकांनी सुपारी तोंडात टाकली, आणि त्या दिवशी घरी आल्यावर तिला पहिल्यांदा कळलं की नळ घरात येऊन एवढी वर्षं झाली तरी माय रोज उठून अकरा भांडी कशाला भरून ठेवते. आधी ती ओरडायची, माय, नळ काय पळून जायलाय का? त्यानंतर ओरडली नाही. पण विचारलंही नाही. तीस वर्षं एका घरात राहून आपण त्या अकरा भांड्यांना वळसा घालून चालत आलो.

"अक्का, कशी झाली पाटी?" सुनीलकुमार. बाणूमावशीचा नातू, कलबुर्गीला इतिहासात एम.ए. केलेला, या संग्रहालयाचा सगळा भार याच्यावर. वाईट म्हणावा तर तेही जमेना. महिनाभर फोन करत होता, पार्वतीआजींना घेऊन याच म्हणून. सकाळी स्वतः गाडी घेऊन दारात आला, मायला हाताला धरून बसवलं, पाठीला उशी दिली. त्याच्या बायकोचे, श्रीदेवीचे, ब्लाउज पंचशीलाच शिवते. वाईट माणसावर चिडणं सोपं असतं, त्यासाठी अक्कल लागत नाही.

"कुणाला विचारून लिहिलंस रे?"

"आमच्या आजीलाच की. ऐकीव न्हाई, बघणाऱ्याच्या तोंडची माहिती हाय." मग जरा आवाज खाली आणून, "कमिटीतले म्हणाले, शाळेची लेकरं येतात, गोड शब्दांत लिही. उगं कुणाचं मन दुखायला नको."

कुणाचं, हे तिने विचारायला हवं होतं. एवढाच एक शब्द. जिभेवर आलाही होता. पण सुनीलकुमार तिच्याकडे असा बघत होता, पेपर तपासायला दिलेल्या मुलासारखा, आणि तिच्या तोंडून निघालं, "अक्षर चांगलं आलंय." आणि निघाल्याबरोबर तिला स्वतःच्याच मुस्काटात मारावंसं वाटलं. अक्षर चांगलं आलंय! सातवीत शाळा सुटली तरी पुड्याचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय न फेकणारी तू, विहारात उभी राहून भाषण करणारी तू…

पलीकडे काचेत घोंगडं होतं, त्याच्याखाली देणाऱ्याचं नाव. बैलाची घंटा, तिफण, दुधाचं गाडगं, प्रत्येकाखाली एकेका घराचं नाव. ती एकेक नाव वाचत चालली होती. आमच्या घरातलं काय ठेवतील हे? आमच्याकडे होतं काय… वाट बघणं होतं. ते कुठल्या काचेत ठेवणार?

घंटा झाली. हॉलमध्ये सतरंजीवर चाळीसेक पोरं, पुढे खुर्च्यांवर दोन म्हाताऱ्या, बाणूमावशी आणि माय. कार्यक्रमाचं नाव 'आठवणींचा तास'. मघाचा तो दगड दोघा शिपायांनी उचलून आणला, विटांच्या थरावर ठेवला, खाली प्लास्टिकचा टब. शेजारी चिंचेनं घासलेली तांब्याची घागर, भरलेली. पंचशीलाला अजून कळलं नव्हतं. कळलं ते सुनीलकुमारने माईक घेतल्यावर.

"मुलांनो, आता आपण प्रत्यक्ष बघू. बाणूआजी वरून पाणी वततील, पार्वतीआजी खाली ओंजळ धरतील. पासष्ट-सत्तर वर्षांपूर्वी ह्या दोघी अशाच एका विहिरीवर भेटायच्या!"

पंचशीला उठली. उठली म्हणजे गुडघे सरळ झाले, पाऊल काही पुढे पडेना. नको म्हण, माय. पाय दुखतात म्हण. चक्कर आली म्हण. तुला सत्त्याहत्तर वर्षं झाली, तुला कुणी काही म्हणणार नाही… पण पार्वतीबाई पदर कमरेला खोचत निघाल्यासुद्धा होत्या, टबापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि वाकल्या. आणि ते वाकणं – पंचशीलाने मायला हजारदा वाकलेलं पाहिलं होतं, चुलीपुढे, खुरप्यामागे, नातवाच्या पाळण्यावर – हे त्यातलं नव्हतं. कोपर जुळलेले, मनगटं हनुवटीला लागलेली, मान खाली, नजर दगडाच्या तोंडावर. कुणी शिकवावं लागलं नाही. अंगाने जपून ठेवलं होतं सगळं, काही विसरलं नव्हतं. सरळ उभी राहा, माय. सरळ उभी राहा. पंचशीलाचे नुसते ओठ हलले.

बाणूमावशीने घागर कलती केली. पाणी चरातून आलं, ओंजळीत पडलं, कोपरांवरून ओघळलं.

पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"पुरे का गं पार्वती?" बाणूमावशी म्हणाली, अगदी सवयीने.

पार्वतीबाई प्यायल्या नाहीत. ओंजळ त्यांनी सोडून दिली, टबात पाणी पडल्याचा आवाज झाला. हात लुगड्याला पुसत त्या सावकाश सरळ झाल्या, एका टप्प्यात जमलं नाही, कमरेवर हात ठेवून दोनदा थांबल्या.

"टाळ्या कामून वाजवायलाव रे लेकरांनो?"

सुनीलकुमार हसत पुढे झाला. "आजी, माईक घ्या की."

"माझा आवाज हाय मोठा." आणि खरंच मोठा होता, शेंगा पेरायच्या वेळी शेताच्या ह्या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर बोलायचा तो. "आमाला विहिरीला शिवू देत न्हवते. आमी शिवलो तर पाणी बाटतंय म्हणायचे. म्हणून हे पन्हळ. वतणारं कुणी आलं तर पाणी, न्हाई आलं तर उन्हात बसून ऱ्हायचं. मी लई बसले."

एका पोराचा हात टाळीसाठी उचललेला तसाच.

"आजी, पण तुमी दोघी मैत्रिणी होता की…" सुनीलकुमारचा आवाज माईकमधून येत होता तरी बारीक आला.

"व्हय. हाय की अजून." पार्वतीबाईंनी बाणूमावशीकडे पाहिलं, रागाने नाही, कपड्याचा पोत बघावा तसं. बाणूमावशीने घागर छातीशी धरली होती. माय सांगत होती ते भाकरीचं पीठ किती मळावं हे सांगितल्यासारखं, आणि पंचशीलाच्या मनात आलं, हिला लाज नव्हतीच कधी; मग तीस वर्षं मी जपली ती कुणाची… आणि जपून ठेवलेला तो सगळा संताप, पाटीवरचा, कमिटीवरचा, एकदम कुठे ठेवावा हे तिला कळेना, कारण माय अजून बोलत होती.

"दुसरं कुणी येईना तवा हीच यायची पळत. माझ्यासाठी घरची बोलणी खायची. पर बाणू, तूबी तिकडूनच वतलंस गं. एक दिवस तरी हिकडं यायचं व्हतंस."