चांदणीचे खोके

मित्रांनो, मी पुठ्ठ्याची खोकी कापणारे जुने यंत्र आहे. बघून प्रेम वाटावे असे माझे रूप नाही. एक मोठा लोखंडी जबडा, बस्स. त्यात लाकडी फळी आणि फळीत खोक्याच्या आकारात बसवलेली पोलादी पाती. छापलेला पुठ्ठा आत ठेवला की मी जबडा मिटते. तुमच्या साबणाचे, औषधाचे खोके असेच जन्माला येते.

मुंबईत मरोळच्या एका कारखान्याच्या गाळ्यात मला सहदेव चालवायचा. दसऱ्याला झेंडूचा हार आधी मला घालायचा, मग देवाच्या तसबिरीला. त्याची बायको शेवंती शेजारीच खोकी चिकटवायची.

सत्त्याऐंशी साली पावडरच्या खोक्याचे काम आले. श्यामसुंदर नावाच्या चित्रकाराने त्यावर चांदणीच्या आकाराची नखाएवढी खिडकी, म्हणजे आरपार भोक, काढली होती. कागदावर सुरेख दिसायची. पण तिचे टोकदार तुकडे माझ्या पात्यांत अडकून बसत. दर वेळी मला थांबवले तर काम उरकेना. हात आत गेला की मला थांबवणारा एक दांडा होता. सहदेवने तो सुतळीने वर बांधला आणि चालत्या जबड्यात बोटे घालून तुकडे काढू लागला. आसपासच्या गाळ्यांतही तसेच चालायचे.

फोरमन फिलिपने चित्रकाराला फोन केला. परत आला तो चिडूनच.

"चांदणीच पायजे म्हणतो. मोठं गोल करा म्हटलं, एकदा येऊन बघा म्हटलं, तर टाइम नाय."

"ऱ्हवांदे रे," सहदेव म्हणाला, "मी काढतंय ना."

तिसऱ्या दिवशी माझा जबडा मिटला आणि त्याच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली. मला थांबता आले नाही, मित्रांनो. शेवंतीची किंकाळी मला अजून ऐकू येते. दुसऱ्या दिवशी माझी पाती तिनेच पुसली.

आठवड्याने श्यामसुंदर पहिल्यांदा गाळ्यात आला. शेवंतीने पात्यांतून निघालेली एक चांदणी त्याच्या तळहातावर ठेवली.

"एवढीशी?" तो पुटपुटला.

"एवढीशीच. पण दिवसभर अडकते ती."

त्याने खिशातून पेन्सिल काढली आणि खोक्याच्या नकाशावरच्या चांदणीचे मोठे गोल केले. एक मिनिटही लागले नाही.

त्या दसऱ्याला सहदेव आला. डाव्या हाताने त्याने मला हार घातला. मला तो नको होता. हाराच्या सुतळीची गाठ त्याला मारता येईना, ती शेवंतीने मारली.

तुमच्यातले कोणी मोठेपणी खोक्यांची चित्रे काढाल. आधी आमच्यापाशी येऊन उभे राहा, आमचे काम बघा, चालवणाऱ्याला विचारा. पेन्सिलीचे ते एक मिनिट अपघाताआधी मिळाले असते, तर हाराची गाठ सहदेवनेच मारली असती.