लपवलेला शेऱ्याचा रकाना

मित्रांनो, मी एक जुना रकाना आहे. माझं नाव शेरा. चांद्यातल्या एका भाड्याच्या खोलीत, क्षितिजाताईंच्या लॅपटॉपवर माझा जन्म झाला. तक्त्याच्या अगदी उजव्या टोकाला मला जागा मिळाली. तिथपर्यंत सरकत यायचा सगळ्यांनाच कंटाळा!

पेशीत आरएनए नावाचा लांबलचक धागा असतो. त्यातले काही मधले तुकडे भारी करामती. ते स्वतःची घडी घालतात, स्वतःच कापून बाहेर पडतात आणि मागची दोन टोकं जोडूनही देतात. त्यांना स्वयंछेदी इंट्रॉन म्हणतात. क्षितिजाताईंनी शेकडो शोधनिबंध वाचून ते आमच्या तक्त्यात गोळा केले. एका रकान्यात तुकड्यातल्या घटकांच्या खुणेच्या अक्षरांची ओळ, दुसऱ्यात घडीची आकृती. मोक्याचं एक अक्षर चुकलं तरी तुकडा कापला जात नाही. म्हणून जिथे शंका, तिथे त्या माझ्यात लिहीत. "घडी अंदाजाने काढली आहे." "शेवटचं अक्षर दोन निबंधांत वेगवेगळं." तीन वर्षं हे चाललं. आकृत्यांचं परिषदेत कौतुक झालं. माझं कुणी नावही घेतलं नाही. असो.

हा तक्ता सगळ्यांना दाखवणारी वेबसाइट सुरू होण्याच्या आदल्या दिवशी त्यांचे वरिष्ठ दयानंद सर फोनवर म्हणाले, "क्षितिजा, ते रिमार्क्स हाइड कर. जागोजागी 'शंका आहे' दिसलं तर आपल्यावर विश्वास कोण ठेवणार?" ताईंनी माझ्यावर कर्सर नेला. एक कळ दाबली आणि मी दिसेनासा झालो.

पाच महिन्यांनी स्नेहल नावाच्या विद्यार्थिनीचा फोन आला. "मॅडम, तुमच्या साइटवरचा दोनशे चौदा नंबरचा इंट्रॉन सात आठवडे प्रयोगशाळेत करून बघतेय. कापलाच जात नाही. गाइड म्हणतात, तुझ्या हातालाच गुण नाही. मी पीएचडी सोडतेय."

दोनशे चौदा! शेवटच्या अक्षराची शंका माझ्याच पोटात होती. आणि ताई काय म्हणाल्या? "पुन्हा एकदा करून बघ." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात घरमालकीण रंभाबाई बियाण्याचं पोतं घेऊन ताईंच्या खोलीसमोरच्या गच्चीवर आल्या. मुळशीच्या भावाला भाताचं बी पाठवायचं होतं. पोत्याचं तोंड बांधताना त्यांनी सुतळीत एक चिठ्ठी अडकवली.

"चिठ्ठी कशाला, मावशी?"

"ह्यात दुसरं भात मिसळलंय जरा. सांगाय नको व्हय? न्हाई सांगितलं तर वरीसभर त्यो आपल्याच रानाला शिव्या घालील."

ताई चिठ्ठी वाचून खोलीत आल्या. त्यांनी फोन लावला. "स्नेहल, चूक तुझ्या हाताची नाही. ते शेवटचं अक्षरच शंकेचं आहे. मला माहीत होतं."

स्नेहलने विचारलं, "मग मॅडम, हे साइटवर का नाही?"

ताईंनी आधी तिला दुसऱ्या निबंधातलं अक्षर कळवलं. त्याच दिवशी त्यांनी सरांना पत्र लिहिलं, शेरे दाखवू या म्हणून. उत्तर आलं, "पुढच्या वर्षी बघू." अक्षर बदलल्यावर स्नेहलचा तुकडा कापला गेला. मी मात्र अजून लपलेलाच आहे.

मित्रांनो, दुसऱ्याला माहिती द्याल तेव्हा तुमची शंकाही सोबत द्या. ती लाजिरवाणी नसते हो! माझ्यात अजून एकसष्ट शंका आहेत. आत्ता या घडीला कुणीतरी त्यातलाच एक तुकडा घेऊन बसलं असेल, आणि आपल्यालाच काही जमत नाही असं समजत असेल.